दोन्हीकडे एकशे चौदा

गाडीला दुसरी चाकं घ्यायची म्हणून बोल्टांच्या वर्तुळाचं माप घेत होते. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, टेप लावली तेव्हा आकडा ११४ च्या जरासा पुढे आला. विकत घ्यायच्या अलॉय चाकावर लावली तेव्हा ११४ ला केसभर कमी. पाच नटांच्या गाड्यांत ११४.३ हे माप फार चालतं एवढं मला ऐकून माहीत होतं, त्यामुळे दोन्ही आकडे मी मनातल्या मनात ११४.३ वर नेऊन बसवले आणि वापरलेल्या चार चाकांचा तो सेट घरी आणला. विकणाऱ्यानेही ‘एकशे चौदाच आहे’ असं सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्यानेही बहुतेक माझ्यासारखीच टेप लावली असावी.

ज्यांना या भानगडीत कधी पडावं लागलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चाकाच्या सगळ्या बोल्टांच्या मध्यबिंदूंमधून जाणारं एक वर्तुळ कल्पायचं, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी, पिच सर्कल डायमीटर. ५×११४.३ म्हणजे पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर व्यास. हा ‘पॉइंट तीन’ विचित्र वाटतो, पण ते मुळात साडेचार इंच आहेत. तसंच १२७ म्हणजे पाच इंच आणि १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. बाकी १००, १०८, ११२, १२० ही सरळ मिलिमीटरमधली मापं.

चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरची दोन भोकं सापडतात आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर हेच उत्तर. पाचामध्ये कोणाच्याच समोर कोणी नसतं. त्यासाठी मी एक सोपा उपाय ऐकला होता: एका भोकाच्या मध्यावर टेप धरायची, शेजारचं भोक सोडून द्यायचं आणि त्यापुढच्या भोकाच्या लांबच्या कडेपर्यंत मोजायचं. हबवर स्टडसाठी, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या ज्या आट्यांच्या दांड्यांवर नट बसतात त्यांच्यासाठी, तेच. मी तेच केलं होतं.

सुट्टीच्या दिवशी चाक बसवायला घेतलं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल केलेले, मग जॅक आणि स्टँड. जुनं चाक काढलं, नवं उचललं आणि ते स्टडवर अगदी सहज सरकलं. इथेच मी खूश झाले. पाचही नट बोटांनी चार-पाच आटे गेले.

मग पाना लावला. नट एकाआड एक, थोडे थोडे आवळत गेले. पण हाताला काहीतरी खटकत होतं. जुन्या चाकावर नट फिरता फिरता एका जागी येऊन थांबतो, पुढे फक्त ताण वाढतो. इथे थांबणं असं नव्हतंच. नट कुरकुरत अजून जरा, अजून जरा असा सरकत होता, जणू लाकडात स्क्रू चाललाय. पाचही नटांना हेच. मी पाना खाली ठेवला आणि शेजारच्या काकांना हाक मारली.

काका कारखान्यात टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं. गाडीतलं फार कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण भोक आणि शाफ्ट यांच्याबद्दल त्यांना शंका आली की ती ऐकावी. त्यांनी नट हाताळून पाहिला आणि म्हणाले, “काढ चाक. मार्कर आहे का घरात? परमनंट?”

मी मार्कर आणला आणि नटाच्या निमुळत्या तोंडाला लावायला गेले.

“अगं नटाला नको. नट फिरतो, त्याची शाई चहूबाजूंनी पुसली जाणार. चाकातल्या बैठकीला लाव, ती जागची हलत नाही.”

अलॉयच्या भोकाला पुढच्या बाजूने एक उतरती बैठक असते, माझ्या चाकांत ती शंकूच्या आकाराची होती. पाचही बैठका काळ्या केल्या, चाक पुन्हा चढवलं, नट बेताने आवळले, सोडवले, चाक उतरवलं. पाचही बैठकांमध्ये शाई फक्त एका बाजूने घासली गेली होती. बारीक चंद्रकोरी, आणि पाचही कोरी बाहेरच्या बाजूला, टायरकडे. आतली बाजू, हबकडची, तशीच काळीकुट्ट.

काका उकिडवे बसून ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “स्टड भोकाच्या बाहेरच्या अंगाला आहेत. म्हणजे गाडीचं वर्तुळ मोठं, चाकाचं लहान. आतल्या बाजूला घासलं असतं तर उलटं. तू हे मोजलंस कशाने?”

मी टेप दाखवली. ते काही बोलले नाहीत, घरात गेले आणि व्हर्निअर, म्हणजे जबड्यांची बारीक मोजपट्टी, घेऊन आले.

खरा प्रकार नंतर हिशोबात उतरला तो असा. पाच बिंदू वर्तुळावर समान अंतरावर असले की सुसम पंचकोन तयार होतो. त्याची बाजू म्हणजे शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर, ते व्यासाच्या ०.५८७८ पट असतं, साइन ३६ अंश. त्याचा कर्ण, म्हणजे एक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर, व्यासाच्या ०.९५११ पट, साइन ७२ अंश. कर्ण हा व्यासापेक्षा जवळजवळ पाच टक्क्यांनी आखूड पडतो आणि ती तूट भरून काढायलाच त्या सोप्या उपायात ‘लांबच्या कडेपर्यंत’ मोजायला सांगतात, म्हणजे भोकाची त्रिज्या वर मिळवली जाते. ११४.३ च्या वर्तुळात तूट ५.६ मिलिमीटर असते. बारा मिलिमीटरच्या स्टडची त्रिज्या सहा. म्हणून हबवर उपाय जवळपास बरोबर निघाला.

चाकाचं भोक मात्र स्टडएवढं नसतं, मोकळं असतं. माझ्या चाकांचं १४.६ होतं, त्रिज्या ७.३. चाकाचा पीसीडी खरं तर ११२ होता. त्याचा कर्ण १०६.५, त्यात ७.३ मिळवा: ११३.८. टेपवर हे ११४ च दिसणार. एका बाजूची चूक जवळपास शून्य आणि दुसऱ्या बाजूची पावणेदोन मिलिमीटरहून अधिक, आणि दोन्ही मिळून एकाच आकड्यावर येऊन बसलेल्या.

आणि चाक चढलं कसं? तेही या मोकळ्या भोकामुळेच. दोन व्यासांत २.३ चा फरक, म्हणजे मध्यापासून प्रत्येक स्टड १.१५ मिलिमीटर बाहेर. १४.६ च्या भोकात ११.८५ चा स्टड, म्हणजे प्रत्येक बाजूला १.३७ ची मोकळीक. बसणारच. चाकाचं मधलं भोकही माझ्या हबच्या ६०.१ पेक्षा मोठं होतं, ६६.६, त्यामुळे तिथेही अडकलं नाही. चाक अडलं असतं तर बरं झालं असतं. ते गुपचूप बसलं, नट त्याच्या बैठकीच्या एका कोरीवर टेकले, आणि तसंच चालवलं असतं तर ती कोर चेपत गेली असती, नट सैल पडत गेले असते.

तर मग नीट मोजायचं कसं. त्या दुपारी काकांनी मला जे करायला लावलं ते मी तसंच सांगते, कारण यातली एकही गोष्ट मला सुचली नसती.

पहिलं म्हणजे मध्य शोधायचाच नाही. भोकाचा मध्य ही हवेतली जागा आहे, तिथे व्हर्निअर टेकवता येत नाही. टेकवता येते ती कड. चाक उलटं टाकायचं, कारण पुढच्या बाजूला बैठकीचा उतार असतो आणि तिथे कड नेमकी कुठली हेच कळत नाही. मागे, हबला टेकणाऱ्या तोंडावर, भोकाची कड धारदार असते. निदान असायला हवी. माझ्या चाकांवर ब्रेकच्या काळ्या धुळीचा थर होता. घासून काढल्यावर एक मजकूर दिसला: साडेसात जे × सतरा, एच टू, ईटी ४५. साडेसात इंच रुंद, जे हा रिमच्या कडेचा आकार, सतरा इंच व्यास, एच टू म्हणजे टायरची कड जागेवर राहावी म्हणून दोन्ही बाजूंनी दिलेले उंचवटे आणि ईटी म्हणजे ऑफसेट, चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, जर्मन ‘आइनप्रेसटीफं’चं लघुरूप. सगळं होतं, पीसीडीच नव्हता. काही चाकांवर तोही कोरलेला असतो, तेव्हा आधी ब्रश हातात घ्यावा.

मग दोन मापं. व्हर्निअरचे वरचे छोटे जबडे, जे भोकाच्या आतून बाहेर ताणतात, ते दोन भोकांत एकेक घालून लांबची कड ते लांबची कड. आणि खालचे मोठे जबडे त्याच दोन भोकांत घालून जवळची कड ते जवळची कड, मधला धातू चिमटीत धरल्यासारखा. पहिलं १२१.१४ आलं, दुसरं ९१.८८. दोघांची बेरीज करून निम्मं करायचं: १०६.५१. झालं मध्य ते मध्य. भोकाचा व्यास मोजायचीही गरज नाही, दोन भोकं थोडी लहानमोठी असली तरी चालतं. एका मापात जे जास्त येतं तेवढंच दुसऱ्यात कमी होतं. मला ही युक्ती इतकी आवडली की पुढे तासभर मी घरातलं जे दिसेल ते मोजत सुटले होते.

१०६.५१ भागिले ०.९५११ म्हणजे ११२ ला मिलिमीटरचा शंभरावा भाग कमी.

“आता शेजारचं पण घे,” काका म्हणाले. ते ६५.८५ आलं. त्याला ०.५८७८ ने भागलं तर ११२.०३. दोन्ही जुळले. मग त्यांनी कर्णाला बाजूने भागायला लावलं: १.६१७. “एक पॉइंट सहा एक आठच्या आसपास आलं पाहिजे. व्यास काहीही असू दे, पाच भोकांना हे गुणोत्तर सुटत नाही.” हे सुवर्ण गुणोत्तर, शाळेत चित्रांच्या आणि शिंपल्यांच्या संदर्भात ऐकलेलं, असं चाकाच्या मागे ब्रेकच्या धुळीत भेटेल असं वाटलं नव्हतं. पण काम चोख करतं. गुणोत्तर बिघडलं तर दोनपैकी एक माप चुकलंय हे लगेच कळतं, उत्तर माहीत नसतानाही.

शेवटचा आकडा मात्र कर्णावरूनच काढावा, बाजूवरून नाही. बाजू मोजताना दशांश मिलिमीटरची चूक झाली तर व्यासात ती १.७ पट होऊन उतरते, कर्णात जेमतेम १.०५ पट. ११४.३ आणि ११५ ही दोन्ही मापं प्रचारात आहेत, त्यांच्या बाजूंत फक्त ०.४ चा फरक पडतो. टेपचं इथे कामच नाही. भोकांचा कागदावर ठसा घेऊन मोजण्याचंही नाही.

हबची गंमत वेगळी. तिथे भोकं नाहीत, स्टड आहेत, आणि वरचे छोटे जबडे स्टडच्या बुडापर्यंत पोचत नाहीत. म्हणून मोठ्या जबड्यांनी दोन स्टड बाहेरून धरायचे आणि त्यातून एका स्टडचा व्यास वजा करायचा. स्टड बाराचा म्हणून बारा वजा करायचे नाहीत. आट्यांचे माथे बारापेक्षा थोडे कमीच भरतात, माझे ११.८५ भरले. त्याच व्हर्निअरने, जबड्याच्या त्याच सपाट भागाने, त्याच दाबाने मोजायचं. जबड्याचं पातळ टोक आट्याच्या खोबणीत घुसलं की आकडा घसरतो. मोजण्याआधी जबडे मिटून शून्य बघायचं, हे तर त्यांनी न सांगताच माझ्या हातून व्हर्निअर काढून घेऊन स्वतः केलं.

स्टडांना खडूने एक ते पाच आकडे दिले आणि पाचही कर्ण घेतले, व्यास वजा करून. एक-तीन: १०८.६९. तीन-पाच: १०८.७४. पाच-दोन: १०८.६६. इथवर छान, व्यास ११४.३ च्या आसपास. मग दोन-चार: १०९.२५. आणि चार-एक: १०९.२१. या दोघांवरून व्यास निघतो ११४.८.

मी लगेच ११५ चं बोलू लागले. एका गाडीला एकाच हबवर दोन पीसीडी कसे असतील हा विचार डोक्यात आलाच नाही. काकांनी वहीतल्या दोन बिघडलेल्या आकड्यांवर नुसतं बोट ठेवलं. दोन-चार, चार-एक. दोन्हीत चार.

चार नंबरचा स्टड वाकला होता. डोळ्याला दिसत नव्हता, पण मी जबडे शेंड्याकडे धरले होते आणि तिथे तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाहेर झुकला होता. जबडे बुडाशी, ब्रेकच्या डिस्कच्या तोंडाला लागून धरले तेव्हा तेच दोन कर्ण १०८.७२ आणि १०८.७० आले. मी जर एकच कर्ण मोजून थांबले असते आणि तो नेमका चारचा असता, तर मी दुसऱ्याच चुकीच्या मापाची चाकं शोधत फिरले असते. म्हणून पाचही मोजायचे. पाच मिनिटांचं काम आहे. तो स्टड नंतर बदलून घेतला.

ज्यांच्या गाडीला स्टड नसतात, चाकातून घालायचे सुटे बोल्ट असतात, त्यांनी हबच्या आट्यांच्या भोकांत डोकं घालू नये. आट्यांची कड मोजायला फार त्रास देते. गाडीचं मूळचं चाक काढलेलंच असतं, ते उलटं करून त्याच्या भोकांवर वरची बेरीज-निम्मं पद्धत वापरावी. सहा बोल्टांच्या मोठ्या गाडीत १३९.७ असेल तर समोरासमोरचं बाहेरचं माप दीडशेच्या व्हर्निअरमध्ये मावत नाही, पण तिथे शेजारच्या दोघांतलं अंतर व्यासाच्या बरोबर निम्मं असतं, ६९.८५. ते दुप्पट करायचं. चार बोल्टांमध्ये ९८ आणि १०० एवढंच जपायचं, दोन मिलिमीटरचा फरक टेपने हुकतो.

मला एक शंका होती की धातू तापला तर माप बदलेल का. बदलतं, पण ११४ मिलिमीटरच्या पोलादात वीस अंशांनी मिलिमीटरचे शंभरावे दोन-तीन भाग. त्याची काळजी नको. डिस्क गरम असताना हात भाजतो याची जास्त काळजी.

चाकं परत केली. विकणाऱ्याला मी चंद्रकोरींचे फोटो दाखवले, व्हर्निअर लावून दाखवलं, तो कपाळावर हात मारून हसला. पुढच्या गिऱ्हाईकाला आता बरोबर माप सांगेन म्हणाला.

दुसरा सेट बघायला गेले तेव्हा व्हर्निअर, ब्रश आणि कॅल्क्युलेटर पिशवीत होतं. चाकाच्या मालकाने विचारलं, “ताई, तुम्ही गॅरेजवाल्या का?” मी चाक उलटं टाकलं. १२२.१२ आणि ९५.३२, निम्मं १०८.७२. शेजारचं ६७.१९. गुणोत्तर १.६१८. मग मधलं भोक मोजलं: ७३.१. माझा हब ६०.१. फरक भरून काढायला मधे बसणारी रिंग लागणार होती, ७३.१ ते ६०.१ अशी रिंग मिळते. नटाची बैठक शंकूचीच आहे ना, गोल घाटाची नाही ना, तेही बोट फिरवून पाहिलं, कारण निमुळता नट गोल बैठकीत बसवला की पुन्हा तीच कोर. ऑफसेट ईटी ४५, माझ्या मूळ चाकाच्या जवळचा. चारही चाकं मोजली, एकच नाही. तोवर त्यांचा चहा गार झाला होता.

घरी आल्यावर रिंग घातली, बैठका मार्करने काळ्या केल्या, चाक चढवलं, नट एकाआड एक आवळले. या वेळी प्रत्येक नट एका जागी येऊन थांबला. नट काढले, चाक उतरवलं. पाच बैठका, पाच पूर्ण कडी, शाई चहूबाजूंनी सारखी घासलेली. काकांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “चढव आता. आणि शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळून घे.” मग व्हर्निअर परत मागितला.